काकांचा पंप आणि दुपारचा चहा

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या वारलेल्या काकांचा चहा पीत होतो. अगदी रोज नाही, पण कामाच्या दिवशी बहुतेक रोजच. गवती चहा, आलं, आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा. हे कसं घडलं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. माझा स्वभावच कमी बोलण्याचा. ऑफिसातले लोक त्याला शांतपणा म्हणतात, बायको घुमेपणा म्हणते. खरं तर तो भित्रेपणा आहे.

हल्ली नात्यातली, शेजारपाजारची मंडळी विचारतात, "तुम्ही म्हणे नेटवरनं इलेक्ट्रॉनिक्स शिकलात. आमच्या मुलीला सांगा ना, कुठून शिकायचं ते." मी "असतं बरंच काय काय" एवढं पुटपुटतो आणि स्कूटरला किक मारतो. कुठून शिकलो हे सांगायचं म्हणजे शिकून काय केलं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगायला गेलो की गाडी त्या चहापाशी येऊन अडते. आज अडू द्यायची नाही असं ठरवून बसलोय.

तर आम्ही नागावचे. आमची वाडी आणि काकांची वाडी लागून आहे, मध्ये नुसता करवंदीचा कुंपणवजा गडगा, आणि विहीर दोघांत एक. नारळ, सुपारी, थोडी केळी. मी अलिबागला सरकारी कचेरीत कारकून. दुपारी जेवायला घरी येतो. आमच्याकडे जेवणाची सुट्टी जरा सैलच असते. बारावीत फिजिक्सने मला असं काही आपटलं की पुढे तीस-बत्तीस वर्षं मी बल्बसुद्धा बायकोला बदलायला लावत होतो.

मग एकदा मिक्सर बंद पडला. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता आणि घरात वाटण बंद. जेवताना सहज मोबाईलवर शोधलं, तर एक माणूस तोच मिक्सर उघडून बसलेला. माणूस म्हणजे नुसते हात. त्याचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही. उजव्या अंगठ्याचं नख काळं, मनगटावर लाल दोरा, हिंदी लखनौकडची असावी. "घर पे मत करना" असं प्रत्येक व्हिडिओत सांगायचा आणि मग घरीच करायचा. त्याने दाखवलं तिथे माझ्याही मिक्सरची तार जळलेली होती. ती जोडून मी बटण दाबलं आणि मिक्सर घरघरला. त्या क्षणी मला जे वाटलं ते लग्नाच्या मांडवातही वाटलं नव्हतं. हे बायकोला कधी बोललो नाही. आता वाचेलच.

तिथून मला चटक लागली. आपण काहीतरी दुरुस्त करू शकतो ही चटक वाईट. हातवाल्या माणसाचे सगळे व्हिडिओ संपवले. पण तो कसं करायचं ते सांगायचा, का करायचं ते सांगायचा नाही. म्हणून मी एका मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेचा फुकट अभ्यासक्रम धरला. त्यात एक प्राध्यापक फळ्यावर लिहीत. माणूस देवमाणूस, पण जे मला अजिबात कळलेलं नसायचं नेमकं त्याच्याआधी ते "अर्थातच" म्हणायचे. तिसऱ्या भाषणात त्यांच्या "अर्थातच"ची मला भीती बसली. मग लाज सोडून आठवीचं विज्ञानाचं पाठ्यपुस्तक उतरवून घेतलं. शाळेची सगळी पुस्तकं नेटवर मोफत मिळतात, मराठीत, चित्रांसकट. कुणाला खरंच शिकायचं असेल तर माझा सल्ला हाच: आपण जिथे नापास झालो त्याच्या चार वर्षं मागे जाऊन बसावं. आठवीच्या वर्गात पन्नाशीच्या माणसाला कोणी बाकावर उभं करत नाही, हा नेटचा सर्वांत मोठा फायदा.

दुसरा फायदा म्हणजे आग. एक अशी साइट आहे जिथे पडद्यावरच बॅटरी, तारा, दिवे जोडता येतात. वीज म्हणजे निळ्या मण्यांची रांग, मुंग्यांसारखी तारेतून चाललेली. चुकीचं जोडलं की बॅटरीतून ज्वाळा निघतात. चित्रातल्या, अर्थातच. (बघा, लागली सवय.) मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळी काम उरकल्यावर कित्येक बॅटऱ्या जाळल्या. पलीकडच्या टेबलावरच्या बाई एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गेम?" मी "हो" म्हणालो. अभ्यास करतोय म्हणायला मला संकोच वाटला.

आणि शेवटचं म्हणजे तो मंच, जिथे जगभरचे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवतात. तिथे इंग्रजीत लिहावं लागतं, आणि तिथले लोक आपल्याकडच्या जुन्या हेडमास्तरांसारखे आहेत. मदत करतात, पण आधी कान पिळतात. मी पहिला प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आलं की आकृती काढ, मग विचार. आकृती काढली तर म्हणाले, नीट काढ. त्यातला एकजण कुठल्यातरी थंड देशातला म्हातारा होता. त्याच्या खिडकीबाहेर नेहमी बर्फ असल्याचं तो सांगायचा. तो मात्र सबुरीने उत्तर द्यायचा. त्याच्या भरवशावर मी ओल ओळखणारा पंप करायला घेतला.

कल्पना साधी होती. जमिनीत काट्याचमच्यातल्या काट्यासारखं एक दोन दातांचं यंत्र रोवायचं. माती सुकली की ते काडेपेटीएवढ्या डबीला कळवणार, डबीतला स्विच, त्याला रिले म्हणतात, टक् करणार, त्याने मोठा स्विच पडणार आणि पंप चालू. माती ओली झाली की परत टक्, पंप बंद. मी हौसेने हे काकांना सांगायला गेलो. तेव्हा काका होते. दुपारी जेवून आले की ते पंप लावायचे, पाटातून पाणी आळ्यांत फिरवायचे, आणि मग काकी विहिरीच्या कठड्यावर चहा आणून ठेवायची. ते बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायचे. हे मी जन्मापासून बघत होतो.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाडी म्हंजे काय तुझं हापिस हाय? घंटी वाजवली की शिपाई आला?"

मी क्वचित बोलतो, पण बोलतो तेव्हा नेमकं नको ते. म्हणालो, "तुम्हाला नवीन काही कळूनच घ्यायचं नसतं."

काकांनी खांद्यावरचा पंचा काढून पंपाच्या खोपटीतल्या स्विचबोर्डावर टाकला आणि पाणी फिरवायला गेले. त्यानंतर आम्ही गडग्यावरून एकमेकांना सुपाऱ्या-केळी देत राहिलो, पण तो विषय निघाला नाही. गणपती झाले, आणि नवरात्राच्या आधी काका गेले. झोपेत.

काकीने पंचा तिथेच ठेवला. "यांच्या बोर्डाला कोनी हात लावायचा न्हाय," असं तिने दिवसकार्याला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं. पंप लावायला ती स्वतः जायची. एक डोळा मोतीबिंदूने गढूळलेला, दुसराही त्याच वाटेवर, पण पंच्याखाली हात घालून अंदाजाने खटका ओढायची. चार दिवस पंप लावायची, दोन दिवस विसरायची, आणि सुपारी सुकायला लागली.

आता जे सांगतो ते मला आजही कबूल करायला जड जातं. सुपारी वाचवावी म्हणून मी ती डबी बसवली असं म्हणता येईल, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण मला काकांशी राहून गेलेलं भांडण जिंकायचं होतं. ते नसताना. काकी एका दुपारी देवळात गेली होती, तेव्हा मी मेन स्विच बंद करून तासाभरात सगळं जोडलं. डबी त्यांच्याच पंच्याखाली लपवली, काकीचा हात खटक्यापर्यंत जायचा त्याच्या पलीकडे. कोणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही, कारण त्याआधी माझ्या एका प्रयोगात घरचा फ्यूज आणि बायकोचा सहनशक्तीचा फ्यूज एकदमच उडाला होता.

पंप चालेना. काटा सांगत राहिला की माती ओली आहे, आणि सुपाऱ्या माना टाकत होत्या. मंचावर विचारलं. बर्फवाल्या म्हाताऱ्याने उलट विचारलं, "तुम्ही समुद्राजवळ राहता का?" आमच्या मातीत खार. खारट मातीतून वीज सहज जाते, म्हणून काट्याला सुकी मातीही ओलीच वाटत होती. शिवाय दोन आठवड्यांत काटा गंजून काळा झाला. त्याने दुसऱ्या प्रकारचा, मातीला धातू न लागणारा काटा सुचवला. तो मागवून मी केळीच्या कडेला रोवला. तिथे काकांनी जुनी केळ काढल्यापासून दुपारी थेट ऊन पडायचं.

त्या उन्हाचा हिशेब मी केला नव्हता. रोज जेवणं उरकली की ते ऊन सरकत सरकत काट्यावर यायचं, तिथली पुळणी, वाळूसर माती सुकायची, पंच्याखाली टक् व्हायचं आणि पंप लागायचा. बरोबर काका लावायचे त्याच वेळेला.

पहिल्या दिवशी मी खोपटीमागे उकिडवा बसून बघत होतो. पंप लागला आणि पाटात पाणी खळखळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणा, पण ते यशाचं होतं. तेवढ्यात काकी मागल्या दारी आली.

"कोन हाय रं?"

"मी" एवढं एक अक्षर पुरलं असतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. बोर्डाला हात लावलाय, पंच्याला हात लावलाय, तिने बजावलेलं असताना.

काकीने खोपटीकडे कान लावला. मग आत गेली. मला वाटलं सुटलो. ती परत आली ती कपबशी घेऊन. चाचपडत कठडा शोधला, कपबशी ठेवली, आणि पंच्याकडे तोंड करून म्हणाली, "साखर घातली हाय हां. आता कसली पथ्यं?"

आणि गेली.

आमच्याकडे प्रत्येक वाडीला राखणदार असतो असं मानतात. वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडं देऊन राखण घालतात. काकीच्या मनात हिशेब लागला होता: काका राखणदार झाले. नाहीतर पंप आपोआप कसा लागेल, तोही वेळेवर?

मी त्या चहाकडे बघत बसलो. तो तसाच राहिला तर मुंग्या लागणार, मांजर सांडणार, संध्याकाळी काकीला भरलेला कप दिसणार, आणि तिला काय वाटेल? असा दयाळू विचार करून मी तो प्यायलो. खरं सांगायचं तर वासही फार छान येत होता. मला स्वतःला साखर आहे. घरी बायको मला कडू काढा देते आणि त्याला चहा म्हणते.

संध्याकाळी गडग्यापलीकडून काकी माझ्या बायकोला सांगताना ऐकलं, "प्यालानी बरं का. टिपूस ठेवला न्हाय."

बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बिचारी. मांजर पीत असेल." मी मान डोलावली.

एकदा रिकामा केलेला कप दुसऱ्या दिवशी भरलेला ठेवता येत नाही. हे कुठल्या साइटवर शिकवत नाहीत. रविवारी मी खोपटीत जायला बायकोकडे कारणं शोधायचो. सोमवारी ऑफिसातून धावतपळत यायचो. एकदा साहेबांनी थांबवून घेतलं, तर माझा जीव तिकडे, चहा गार होत असेल म्हणून. पुढे चहाबरोबर कधी भजी, कधी शंकरपाळी येऊ लागली. काकी पंच्याशी गप्पा मारायची आणि मी खोपटीमागे दम धरून ऐकायचो. सुपारीला पाणी कुठे कमी पडतंय, गडग्यापलीकडचा पुतण्या कसा घुमा आहे. "मनाचा चांगला हाय, पन तोंड शिवलेलं. तुमी त्याला जरा जास्तच बोललात हां." तोंडात भजी असताना हे ऐकणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

माझा साखरेचा रिपोर्ट आला. बायकोने तो दोनदा वाचला.

"चोरून काही खाताय का?"

"कुठे?" मी म्हणालो. भजी धरली तर हे धादांत खोटं होतं.

तिने माझा भात बंद केला. दुपारी पोळी-भाजी खाऊन मी खोपटीमागे जायचो आणि शंकरपाळी खायचो.

गोष्ट गावभर व्हायची ती झालीच. शेजाऱ्यांचं होमस्टे आहे. त्यांच्याकडे आलेल्या कुठल्याशा ग्रुपला बनाना राइड झाल्यावर दुपारी करमेना, म्हणून त्यांनी गडग्यावरून आमच्या पंपाचा व्हिडिओ काढला आणि वर नाव दिलं, कोकणातला झपाटलेला पंप. तो व्हिडिओ मला माझ्या मोबाईलवर दिसला, हातवाल्याच्या व्हिडिओखाली, "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून. खाली शेकड्याने लोक हात जोडत होते. एकाने फक्त लिहिलं होतं, "रिलेचा आवाज स्पष्ट ऐकू येतोय." त्या एका माणसाचा मला जितका अभिमान वाटला तितकीच त्याची भीती वाटली.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा काकीच्या डोळ्यांचा.

तिची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, पनवेलला असते. ती ऑपरेशनची तारीख ठरवूनच आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकत चाललाय, आता लांबवलं तर पुढे अवघड होईल. दोन्ही डोळे, एकामागून एक. महिनाभर तरी पनवेलला राहावं लागणार.

"न्हाय जमायचं," काकी म्हणाली. "तुझा बाबा रोज दुपारी येतो. मी तिकडं जाऊन गॉगल लावून बसू? त्याला चहा कोन देईल?"

"आई, अगं पंपात बिघाड असेल काहीतरी!"

"बिघाडाला चहा लागतो व्हय?"

बहीण रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "दादा, तू तरी सांग तिला. तू ते सायन्सबियन्स शिकतोस ना? असं नसतं म्हणून समजाव."

"बघतो," मी म्हणालो.

हा माझा शब्द. फाइलवर, घरात, सगळीकडे. बहीण तारीख पुढे ढकलून परत गेली. मी मोबाईलवर मोतीबिंदूचे व्हिडिओ बघितले. एका डॉक्टर बाईंनी मराठीत इतकं छान समजावलं होतं, धुरकट काचेसारखं भिंग, ते काढून नवीन बसवायचं. मी सगळं समजून घेतलं आणि काहीच केलं नाही. माहिती मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं, हा नेटचा सर्वांत मोठा तोटा.

दोन दिवसांनी चहात मीठ होतं.

पहिल्या घोटाला अंगावर काटा आला. तिला बरण्याही ओळखू येईनाशा झाल्या होत्या. काका पुढ्यात असते तर ओरडले असते, आणि तिला कळलं असतं. मी तो सगळा कप प्यायलो. कप रिकामा दिसायला हवा होता ना. आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, पण इतक्या चवीची दुसरी नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी काकी कपबशी घेऊन आली तेव्हा ऊन तिच्या समोरून येत होतं. कठडा जिथे आहे असं तिला वाटलं तिथे नव्हता, वीतभर अलीकडे होता. तिने हात पुढे केला आणि कपबशी सोडली ती थेट विहिरीत. खाली डुबुक झालं.

काकी थबकली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी कधी पाहिलं नव्हतं.

"हातातनं घेतलानी!" ती म्हणाली. "अवो, हातातनं घेतलानी!" आणि बघायला म्हणून कठड्यावरून विहिरीत वाकली. जवळजवळ अर्धी.

मी खोपटीमागून उडी मारली आणि तिचा दंड धरून मागे ओढली. ती किंचाळली, मीही किंचाळलो. दोघंही पाटात बसलो.

"कोन? कोन हाय?"

"मी," मी म्हणालो. पहिल्या दिवसापासून अडकलेलं ते अक्षर एकदाचं निघालं.

"तू? तू हितं काय करतोस मेल्या?"

मग मी सांगितलं. पाटात बसल्या बसल्या, पंप चालू असताना, पॅन्ट भिजत असताना. काटा, डबी, खार, ऊन, सगळं. काका आणि मी काय बोललो होतो तेही. तिला उठवून खोपटीत नेलं, तिचा हात धरून पंच्याखालच्या डबीवर ठेवला. तेवढ्यात माती भिजली असावी. तिच्या बोटाखालीच टक् झालं आणि पंप थांबला. तिने हात झटकन मागे घेतला, मग परत ठेवला.

"म्हंजे ओल तुझ्या काट्याला कळते."

"हो."

"आनि चहा? त्यो पन काट्यानं प्यालान?"

मी खाली बघितलं. "तो मी."

"समदा?"

"सगळा. भजीपण."

तिने डबीवरून पुन्हा बोट फिरवलं. विहिरीवरच्या नारळावर कावळा ओरडत होता. मग तिने विचारलं, "बशीत घेऊन प्यायचास?"

"नाही. कपानेच."

"तरीच!" तिने कपाळावर हात मारला. "तरीच बशी कोरडी! मला वाटलं, गेल्यावर तरी सुधारले!"

"काकी, काल चहात मीठ होतं."

"मीठ? आनि तू प्यालास?"

"प्यालो."

काकी हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग खोपटीच्या दाराला टेकून. हसता हसता मधेच पंचा बोर्डावरून ओढून तिने डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिली. मी आपला उभा. आवाज ऐकून माझी बायको गडगा ओलांडून धावत आली. भिजलेला मी, पंचा धरलेली काकी, उघडी पडलेली डबी, सगळं तिने एका नजरेत बघितलं. काकीने धापा टाकत तिला चार वाक्यांत गोष्ट सांगितली.

बायकोला डबीचं काही वाटलं नाही. ती सावकाश माझ्याकडे वळली. "म्हणजे तो रिपोर्ट!"

काकी माझ्याशी त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गडग्यापाशी येऊन म्हणाली, "त्या पोरीला फोन लाव. म्हनावं घे तारीख. हितं बसून काय करू? तुझ्या डबीला चहा पाजू?"

ती पनवेलला गेली आणि दोन्ही डोळे व्यवस्थित झाले. काळा गॉगल लावून परत आली ती आल्या आल्या वाडीत. कोळिष्टकं दिसली, माझ्या सुपारीवरची बुरशी दिसली, पंचा किती मळलाय ते दिसलं. तो धुऊन तिने परत बोर्डावर टाकला, डबीवरच. "केवढीशी हाय रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं नारळाएवढी तरी असंल."

मध्ये वळवाचा पाऊस होऊन गेला होता. माती ओली, त्यामुळे पंप लागेना. चौथ्या दिवशी काकी परत गडग्यावर.

"तुझी डबी बिघडली."

"नाही काकी, ओल आहे म्हणून लागत नाही. बरोबर चाललंय."

"कसलं बरोबर? मला दुपारची झोप न्हाय. इतकी वर्सं यांना चहा दिला की मी पंपाच्या आवाजात आडवी व्हायची. त्या आवाजाबिगर डोळा लागत न्हाय. ओल असली तरी जरा चालव."

"पण काकी, ओल असताना चालवायचा नाही यासाठीच तर..."

"मग शीक पुढचं," ती म्हणाली. "नेटवर असतं ना समदं?"

मी मंचावर लिहिलं की मातीत ओल असली तरी पंप रोज दुपारी थोडा वेळ चालवायचा आहे, कसं करू? बर्फवाला म्हातारा पहिल्यांदाच वैतागला. माती ओली असताना पाणी का? पाणी वाया, वीज वाया, मुळं कुजतील. याचा उपयोग काय?

मी काहीतरी तांत्रिक कारण लिहायला घेतलं. खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ लिहून टाकलं: माझ्या काकीला पंपाच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. काका रोज लावायचे. ते आता नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पाणी फिरवून परत विहिरीतच सोडायची जोडणी त्याने स्वतः काढून पाठवली होती, एका बाजूला घड्याळ, एका बाजूला काटा, नीट काढलेली आकृती. खाली एकच प्रश्न: त्यांना झोप लागायला साधारण किती वेळ लागतो? तेवढं सांगा, मी आकडा भरून देतो.

मी काकीला जाऊन विचारलं.

"मला काय म्हाईत?" काकी म्हणाली. "झोपल्यावर मला कळतं व्हय?"

म्हणून सध्या दुपारी जेवणं झाली की मी हातानेच पंप लावतो, आणि मी आणि बायको काकीच्या पडवीत चपला काढून, घड्याळ समोर ठेवून बसतो. बायकोने माझ्या हातात बिनसाखरेचा चहा दिलेला असतो, आणि बशीही. फुर्र असा आवाज झाला की ती तोंडावर बोट ठेवते. काकी आत पडलेली असते. पंपाच्या आवाजात तिचं घोरणं नेमकं कधी सुरू होतं ते ऐकू येत नाही, म्हणून मी पंप बंद करून बघतो. की लगेच आतून हाक येते, "का रं बंद केलास?"

म्हाताऱ्याला मी अजून आकडा कळवलेला नाही.